एका ओळीत अठरा गावं

गुरुवारी सकाळी सव्वादहाला माझ्या डोळ्यांदेखत लातूरचं किनवट झालं. पडद्यावर चोवीस ओळी होत्या, प्रत्येक ओळीत आमच्या एकेका शाखेच्या सर्व्हरचं नाव आणि नावापुढे हिरवा ठिपका. सातव्या ओळीत ‘लातूर’ होतं. मी चहाचा एक घोट घेतला आणि पुन्हा पाहिलं, तर तिथे ‘किनवट’. वाटलं, आपलीच नजर घसरली. म्हणून लहानपणी वाचताना धरायचे तसं त्या ओळीवर बोट धरून बसले. मिनिटभरात बोटाखालीच किनवटचं धर्माबाद झालं, मग नायगाव झालं, मग पुन्हा लातूर. नाव बदलत होतं, पण हिरवा ठिपका जागचा हलत नव्हता. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, शेजारी सर्वेश कानात वायर घालून काहीतरी टाइप करत होता आणि मला त्या ओळीवरचं बोट उचलायचा धीर होत नव्हता. बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय ते कळायचं नाही. मला मात्र कळलं की सोमवारी मी खोटं बोलले होते.

म्हणजे मुद्दाम नाही. पण खोटं ते खोटंच. आमचे अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. मुख्य कचेरी लातूरला आणि कॉम्प्युटरचं काम बघणारे आम्ही चौघं नांदेडला, एका मेडिकल दुकानाच्या वर. एक्केचाळीस शाखा, प्रत्येक शाखेत एक सर्व्हर, त्याच्यावर मुलांचे पेपर, उत्तरं, गुण. मागच्या वर्षी एका शाखेच्या सर्व्हरमध्ये बाहेरचं कोणी शिरलं आणि सहाशे मुलांच्या उत्तरपत्रिकांना कुलूप घालून बसलं. त्या मुलांना परत परीक्षेला बोलवावं लागलं. त्यात किनवटच्या पलीकडच्या वस्तीतली, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी वीस-बावीस मुलं होती. पहाटेची गाडी धरून पहिल्यांदा आली होती, दुसऱ्यांदा त्यातली नऊच आली. बाकीची कुठे गेली हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या नऊच्या आकड्याने मात्र वर्षभर माझा पिच्छा सोडला नाही. येत्या रविवारी पुन्हा तीच परीक्षा होती, अकरा हजार मुलांची, आणि पहिल्या तीनशेंना दोन वर्षं फुकट शिकवणी. त्याआधी प्रत्येक सर्व्हरवर एजंट बसवायचा हे काम माझं. एजंट म्हणजे एक लहानसा प्रोग्राम. सर्व्हरवर बसतो, कोण आलं कोण गेलं ते बघतो, कोणी कुलपाशी खुडबुड केली की नांदेडच्या या पडद्यावर कळवतो. लातूरला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फोनवर समजावलं तर म्हणाले, “म्हणजे मास्तराच्या पोटी जन्मून तू एजंट लोकांची भरती करून राहिलीस!” आणि स्वतःच पोटभर हसले.

एक्केचाळीस गावं हिंडून एजंट बसवायला महिना गेला असता. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती इथूनच एकेका सर्व्हरच्या दारात जाते, आत एजंट आहे का बघते, नसेल तर बसवते, असेल तर पुढे निघते. सोमवारी दुपारी ती चालवली आणि वीस मिनिटांत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ठिकाणांहून ‘झालं’ असा निरोप आला. मी लगेच शिवमूर्ती सरांना कळवलं, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून हा सगळा पसारा उभा केलेला माणूस, कौतुक करायचं तर फळ्यावर खडू जेमतेम टेकवल्यासारखं करतो. त्यांचा “छान” असा एका शब्दाचा निरोप आला आणि मी त्या शब्दावर तीन दिवस तरंगले. पडद्यावर ओळी चोवीसच दिसत होत्या, हे सोमवारीच पाहिलं होतं. म्हटलं, तालुक्याच्या लाइनी मंद, येतील सावकाश. मंगळवारी मोजल्या नाहीत. बुधवारी तर तो पडदाच उघडला नाही. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की आपण तपासत नाही, हे मी पोरांच्या बाबतीत शंभरदा ऐकलंय.

“सर्वेश, जूनमध्ये नव्या शाखांचे सतरा सर्व्हर कसे तयार केलेस रे?” मी विचारलं. त्याने कानातली वायर काढली. “लातूरवरून उचलले ना मॅडम. लातूरचा लई मस्त चालून राहिला होता. त्याची डिस्क जशीच्या तशी सतरा ठिकाणी उतरवली. सरच म्हणले होते, लातूरमधी जे हाय तेच सगळीकडं पायजे.” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “काहून? काय झालं?” मी त्याला सातवी ओळ दाखवली. तो हुशार आहे. दोन मिनिटं बघत राहिला आणि खुर्चीत मागे टेकला. मेमध्ये आम्ही लातूरच्या सर्व्हरवर एजंट प्रयोगापुरता बसवला होता. एजंट पहिल्यांदा बसला की त्याला एक ओळखक्रमांक मिळतो. सर्वेशने लातूरची नक्कल सतरा ठिकाणी उतरवली तेव्हा एजंटही गेला आणि त्याचा क्रमांकही गेला. माझी स्क्रिप्ट त्या दारांत जाऊन विचारत होती, आहे का? आतून उत्तर येत होतं, आहे. आणि इथे पडद्यावर अठरा सर्व्हर एकाच क्रमांकाने हजेरी देत होते. जो शेवटी बोलेल तो दिसायचा. एकाने आरडाओरडा केला तरी पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणाचं “ठीक आहे” येऊन त्याचा आवाज पुसून टाकणार. लातूर पॅटर्नवर अख्खा जिल्हा वाढला, मीही वाढले. एकाचं चांगलं चाललं की त्याचंच सगळ्यांनी करायचं, हे आमच्या हाडात आहे. त्यामुळे सर्वेशवर चिडायलाही मला जमेना.

“कुणाला सांगू नका मॅडम,” तो हळूच म्हणाला. “तासाभराचं काम हाय. स्क्रिप्ट बदलून चालवू. सरांला कळायचं बी न्हाई.” आणि खरंच ते तासाभराचंच काम होतं. अडचण एकच होती. बारा वाजता लातूरहून रविवारचे पेपर सगळ्या शाखांच्या सर्व्हरवर जाणार होते आणि त्या अठरा ठिकाणी आज आत कोण आहे हे मला माहीत नव्हतं. पेपर थांबवायचे तर सरांना सांगावं लागणार. सांगितलं तर सोमवारचा ‘छान’ परत द्यावा लागणार, कदाचित नोकरीही. न सांगता झटपट केलं तर बहुतेक काहीच झालं नसतं. बहुतेक. मी घड्याळ पाहिलं, दहा पस्तीस. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. परत घेतला, परत ठेवला. मला माझीच लाज वाटत होती आणि त्या लाजेत, कुठून कोण जाणे, पत्र्याचा तापलेला वास आला.

भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. लातूरला आमच्या घराला एक भेग गेली, बाकी काही नाही. पण मी घराच्या आत पाऊल ठेवायला तयार नव्हते आणि अण्णांचा सदरा सोडायला तर मुळीच नाही. आई धाकट्याला घेऊन नांदेडला आजोळी आली, मला ओढून नेणं तिला जमलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत अण्णांची नेमणूक औशाकडच्या एका गावाच्या पत्र्याच्या शेडांवर झाली. शाळामास्तर, त्यामुळे यादी करायची म्हटलं की सरकारला आधी तेच आठवायचे. एम-एटी गाडीवर पुढे मी, मागे यादीची पिशवी. शेडा सगळ्या एकसारख्या, एका रांगेत वीस, दारांवर खडूने आकडे. रोज सकाळी माणसं मोजायची, त्यावर दूध किती आणायचं ते ठरायचं. अण्णा रांगेच्या तोंडाशी उभे राहून नावं घ्यायचे. पहिल्या शेडीतली तारामती नावाची बाई तिथूनच उत्तर द्यायची, “हाय. हाय. हाय. समदे हायत मास्तर, लिवा.” मला ती बाई फार आवडायची. उंच, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा की विसाव्या शेडीत ऐकू जावा. ती सगळ्यांच्या वतीने का बोलते हे अण्णांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, “किती डाव सांगायचं मास्तर? रोज नवा मानूस येतो, नाव विचारतो, घरात कोन व्हतं विचारतो, कोन गेलं विचारतो. त्यांला परत परत बोलाया लावू नगा. मी सांगते नं.” अण्णांना ते पटलं. मलाही आज ते पटतं. तिच्या त्या ‘हाय’मध्ये माया होती, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

मी शेडांमागे खेळायची. तिथे एका मांजरीने पिल्लं घातली होती, अगदी शेवटच्या शेडीच्या पत्र्याखाली. सहाव्या की सातव्या दिवशी मी पिल्लू शोधत त्या शेडीच्या दारात वाकले आणि आत एक म्हातारा अंथरुणावर पडलेला दिसला. उन्हाने पत्रा भाजत होता आणि त्याने अंगावर दोन घोंगड्या घेतल्या होत्या. मी म्हटलं, आजोबा, पिल्लू आलं का इकडे? त्याने डोळे माझ्याकडे वळवले, पण बोलला नाही. पाय घोंगडीबाहेर होता आणि त्या पायाचा वास मला आजही येतो. मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं, “शेवटचे आजोबा बोलत नाहीत.” अण्णांनी यादी पाहिली. गुंडप्पा, वय बासष्ट. त्या दिवसापर्यंत रोज त्यांच्या नावापुढे अण्णांच्या हाताची बरोबरची खूण होती. अण्णा त्या खुणांकडे बघत राहिले. माझ्या बापाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, पण यादी हातात धरून पळत सुटले, चप्पल मागे राहिली तरी पळाले. मलब्यात लागलेली जखम चिघळली होती, चार दिवस अंगात ताप होता आणि ज्याचं घरातलं सगळं गेलं त्याला कोणाला हाक मारावीशी वाटली नव्हती. जीपने दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली, पाय वाचला, माणूस वाचला.

मला पुढचं जास्त आठवतं. संध्याकाळी तहसीलदार आले तेव्हा अण्णांनी त्यांच्यासमोर यादी धरली आणि सगळ्या जुन्या खुणांवर स्वतःच्या हाताने काट मारली. म्हणाले, “साहेब, या हजेऱ्या मी न बघता लावल्यात. उद्यापासून बघून लावीन.” तहसीलदार काय म्हणाले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून अण्णा वीसही शेडांच्या दारात जायचे. नाव विचारायचे नाहीत, कोण गेलं विचारायचे नाहीत. नुसतं दारात उभं राहून तोंड बघायचे, रामराम करायचे आणि मग खूण करायचे. तारामतीबाई आधी फुगली, मग तीच त्यांच्याबरोबर दारोदार फिरायला लागली. पुढे शाळेतही अण्णा तसेच. हजेरीला दहा मिनिटं. नाव घ्यायचं, मान वर करायची, पोराचं तोंड बघायचं, मग पुढचं नाव. पोरं त्यांना ‘तोंडपाहू सर’ म्हणायची आणि त्याच शाळेत मी असल्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बारावीला शिकवणी वर्गात गेले, तिथे एका वर्गात दोनशे मुलं, हजेरी आगगाडीसारखी. माझी मैत्रीण देविका आठवड्यातून दोनदा झोपून राहायची आणि मी मान खाली घालून तिच्या नावाला “प्रेझेंट सर” म्हणायची. त्यात मला जबर मोकळं वाटायचं. इथे कोणी तोंड बघत नव्हतं.

गुंडप्पा मात्र दर वर्षी हरभऱ्याच्या दिवसांत लातूरला आमच्याकडे यायचे, लंगडत, काखेत ढाळ्यांची जुडी. दार उघडं असलं तरी कडी वाजवायचे आणि बाहेरूनच ओरडायचे, “मास्तर, गुंडप्पा हाय. सोता!” अण्णा हातातलं काम टाकून दारात जायचे आणि त्यांचं तोंड बघून म्हणायचे, “हाय बाबा, हाय.” मग दोघं इतके हसायचे की आई आतून म्हणायची, शेजारचे काय म्हणतील. सोळा वर्षं आले. मी त्या हसण्याचा विचार करत बसले आणि घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा सरांना फोन लावला.

“सर, बाराचे पेपर थांबवा. सोमवारचं माझं चुकलं. एक्केचाळीस नाहीत, तेवीस आहेत. अठरांचं मला माहीत नाही.” “मॅडम, सोमवारी तुम्हीच म्हणाला होता.” “हो सर. न बघता म्हणाले होते.” “चूक कुणाची?” सर्वेश माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “माझी स्क्रिप्ट ‘आहे का’ एवढंच विचारत होती, ‘कोण आहेस’ ते विचारत नव्हती. माझी.” सर ओरडले. चांगली पाच मिनिटं ओरडले. अकरा हजार पालकांना काय सांगू, केंद्रं रद्द करू का, तुम्हाला पगार कशाचा देतो, सगळं. मी ऐकून घेतलं, ते खरंच होतं. मग एकदम थांबले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “गणित चुकलं तर मी पोराला उत्तर खोडायला लावत नसतो, खाली नव्याने मांडायला लावतो. शनिवारी दुपारी बारापर्यंत मांडून दाखवा. तोवर पेपर माझ्या कपाटात.” फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सर्वेश खाली जाऊन दोन कप चहा घेऊन आला.

स्क्रिप्टमध्ये बदल थोडाच होता. आता ती दारात जाऊन आधी जुना एजंट उठवणार, त्याच्याबरोबर आलेला उसना क्रमांक पुसणार, नवा बसवणार आणि त्याने स्वतःच्या नावाने इथे पडद्यावर तोंड दाखवेपर्यंत दारातून हलणार नाही. दाखवलं, तरच ‘झालं’. आम्ही ती एकदम अठरांवर सोडली नाही, एकेक करत गेलो. हळू जाण्याची मला लहानपणी इतकी लाज वाटायची आणि आता तेच करताना जिवाला बरं वाटत होतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत धर्माबाद स्वतःच्या ओळीत आलं, पाठोपाठ आणखी सहा. शुक्रवारी आणखी नऊ. शनिवारी सकाळी दोनच राहिले, किनवट आणि नायगाव. किनवटची लाइन तुटलेली, स्क्रिप्ट दारापर्यंतच पोचेना. तिथे पुनम नावाची मुलगी शाखा बघते. तिला फोन केला. “पुनम, सर्व्हरसमोर बसून मी सांगते ते टाइप करशील?” “करते की मॅडम. पर मला त्यातलं काही येत न्हाई.” “वाचता येतं ना? बस झालं.” पाऊण तास एकेक अक्षर सांगत गेले. मधेच ती म्हणाली, “मॅडम, मागच्या साली फिरून बोलवलं नं पोरांला, तवा न आलेल्यातली चार पोरं या डाव परीक्षेला बसून राहिली हायत. मीच वसतिगृहात जाऊन अर्ज भरून घेतले. औंदा तसं होनार न्हाई नं?” मी म्हटलं, “त्यासाठीच बसलोय आपण.” तिने शेवटचं बटण दाबलं. लाइन आली, गेली, आली, आणि पडद्यावर तळाशी एक नवी ओळ उगवली. किनवट. आता ते लातूर होत नव्हतं, धर्माबाद होत नव्हतं. मी बोट ठेवून पाच मिनिटं पाहिलं. सर्वेशने टाळी वाजवली.

नायगाव शेवटचं. स्क्रिप्ट गेली, जुना एजंट उठला, नवा बसला, ओळ उगवली आणि उगवताच लाल झाली. सर्वेश म्हणाला, “ही कशी काय?” मी उघडून पाहिलं. बाहेरून कोणीतरी मागच्या रविवारपासून त्या सर्व्हरचा पासवर्ड लावून बघत होतं, हजारो वेळा. मंगळवारी एका जुन्या, विसरलेल्या खात्यातून आत शिरलं होतं आणि पेपर जिथे ठेवतात त्या फोल्डरच्या आसपास घुटमळत होतं. जुन्या एजंटने तेव्हाच हाक मारली होती, त्याच्या वहीत ती लिहिलेली होती, एकदा नाही, तेवीसदा. प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाचं तरी “ठीक आहे” त्याच्यावर येऊन पडलं होतं. गुरुवारी बाराला पेपर गेले असते तर ते सरळ त्याच्या हातात पडले असते. आम्ही ते खातं बंद केलं, बाहेरची वाट तोडली, सर्व्हर धुऊन पुसून नव्याने उभा केला. अकरा चाळीसला नायगावचा ठिपका हिरवा झाला. मी सरांना पडद्याचा फोटो पाठवला आणि नायगावचं सगळं लिहून कळवलं. या वेळी ‘छान’ आलं नाही. दहा मिनिटांनी निरोप आला, “पेपर सोडतो.” मला तो जास्त आवडला.

दुपारी अण्णांना फोन केला. त्यांना या तीन दिवसांतलं थोडंथोडं माहीत होतं. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण विचारतात नेमकं. “आले का गं सगळे?” मी म्हटलं, “वाचून दाखवते,” आणि अठराही नावं घेतली, त्यांच्याच पद्धतीने, एक नाव, मग थांबायचं, मग पुढचं. प्रत्येक नावानंतर ते पलीकडून “हं” म्हणत होते. लातूर, हं. धर्माबाद, हं. किनवट, हं. सर्वेश काम थांबवून ऐकत होता. शेवटचं एक नाव उरलं.

“नायगाव,” मी म्हटलं. “चार दिवस ताप होता, अण्णा. आता उतरलाय.”

या वेळी अण्णांनी “हं” म्हटलं नाही, विचारलं,

“तोंड पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“मग लाव खूण,” अण्णा म्हणाले.